ओकापीची हाक

"इथे गाडीतून थेट सिंहांच्या मधून जायचं," सहलवाली म्हणाली. "काचा वर करायच्या, बास. सिंह दाराला येऊन अंग घासतो. मुलं नुसती किंचाळतात."

"किंचाळायला एवढ्या लांब कशाला जायचं? घरी सोय आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि दातांनी दोरा तोडला.

कापड बेतायच्या मोठ्या टेबलावर आज कापडाऐवजी परदेशातली जनावरं पसरली होती. चकचकीत कागदांवर वाघ, पेंग्विन, काचेच्या बोगद्यातून डोक्यावरून पोहणारे मासे. मास्तरीणबाईंचा मुलगा एकेक कागद उचलत होता आणि बायकोने शिकवून ठेवल्यासारखे प्रश्न विचारत होता. तिनेच शिकवलेले होते ते.

"तिथे लाउडस्पीकर आहे का? अचानक टाळ्या वाजतात असे खेळ? रांग बंद खोलीत असते की उघड्यावर?"

"अहो दादा, प्राणिसंग्रहालय आहे ते, दवाखाना नाही," सहलवाली हसली. मग मास्तरीणबाईंकडे वळली. "आजी, तुम्ही सांगा. तुम्हाला काय बघायचंय?"

"तुझी आजी कधी झाले मी? तुझ्या केसांना मेंदी लागते ना?"

सहलवालीने डोक्याला हात लावला आणि कागद गोळा करायला लागली. तेवढ्यात कपाटामागून आवाज आला.

"ओकापी."

मुलाच्या हातातला पेंग्विन तसाच राहिला. मास्तरीणबाईंचं मशीन थांबलं. कपाट आणि भिंत यांच्यामध्ये, जिथे पूर्वी इस्त्रीचा पाट उभा असायचा त्या फटीत, गुडघे पोटाशी घेऊन त्यांची नात बसली होती. खारू. वय नऊ. याआधी तिच्या तोंडातून शब्द निघाला त्याला कित्येक दिवस लोटले होते.

"काय म्हणाली?" सहलवालीने विचारलं.

बापाने सहलवालीला फोनवर चित्र शोधून दाखवलं. मास्तरीणबाईंनी चष्मा नाकावर खाली ओढून पाहिलं. अंग तपकिरी, मखमलीसारखं. मान जिराफाची पण अर्ध्यात सोडलेली. आणि मागचे पाय काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे.

"कापड पुरलं नाही म्हणून दुसऱ्याच ताग्यातून पाय बेतलेत," त्या म्हणाल्या. "असलं गिऱ्हाईक माझ्याकडे आलं असतं तर मी पैसे परत दिले असते."

कुठूनही हसू आलं नाही. पूर्वी आलं असतं. खारूचं नव्हे, सुनेचं. ती अशा वेळी स्वयंपाकघरातून मोठ्याने हसायची, आणि मास्तरीणबाई पुढचा टोमणा आणखी धार लावून तयार ठेवायच्या. आता टोमणा जिभेवर यायचा आणि समोर कुणी नाही म्हणून तसाच गिळावा लागायचा. टोमणा मारायलासुद्धा समोर आपलं माणूस लागतं, हे त्यांना या वयात कळलं होतं.

चौथीत शाळा सुटलेली ही बाई मास्तरीण झाली ती नवऱ्यामुळे. तो टेलरमास्तर. तो गेल्यावर दुकानाची पाटी तीच राहिली, टेप त्यांच्या गळ्यात आला आणि अर्ध्या गावाच्या शाळांचे गणवेश त्यांच्या कात्रीखालून गेले. ज्या शाळांनी त्यांना बाकावर बसवलं नाही, त्या शाळांची पोरं त्यांनी ओळीने उभी करून मापली. त्यामुळे त्या कुणालाच घाबरत नसत, मुख्याध्यापकांना तर मुळीच नाही.

डॉक्टरांनी खारूसाठी "स्वमग्न" असा शब्द दिला होता. मास्तरीणबाईंना तो कधी पटला नाही. स्वतःत मग्न तर घरातलं प्रत्येक माणूस होतं. ही पोर जनावरांत मग्न होती. तिला माणसांचे चेहरे वाचता येत नसत, पण गाढवाचे कान कुठल्या बाजूला झुकले म्हणजे त्याचं काय बिनसलंय, हे ती लांबून सांगायची. शाळेत मुलांशी बोलायची नाही आणि शाळेबाहेरच्या कुत्रीच्या पिल्लांची आजारपणं मात्र सगळी तोंडपाठ.

त्यात हा ओकापी म्हणजे तिचा जीव. आई-मुलीचा एक खेळच होता. खारू कपाटामागे लपायची. सून घरभर कामं करत फिरायची, अगदी तिला विसरल्यासारखी, आणि मग फटीपाशी येऊन भिंतीला छाती टेकून उभी राहायची. तोंड बंद. आवाज काहीच नाही. पण खारू आतून लगेच बाहेर यायची.

"हे काय चाललंय तुमचं?" मास्तरीणबाई विचारायच्या. "मुक्यांची शाळा?"

"मी हाक मारते ना तिला," सून म्हणायची. "ओकापीची आई अशीच मारते. इतक्या खालच्या आवाजात की माणसांना ऐकूच येत नाही. फक्त पिल्लाला येतो."

"मला पण तुझं काही ऐकू येत नाही, पण मी कुणाला सांगत फिरत नाही."

सून हसायची. ज्या दिवशी ती दवाखान्यात गेली त्या दिवशीही खारू त्या फटीतच होती. खाली गाडी उभी होती. सुनेने भिंतीला छाती टेकली, क्षणभर थांबली, आणि खारू बाहेर यायच्या आत निघून गेली. खेळात असं कधी होत नसे. ती परत आली नाही.

खारूला कुणी काही सांगितलं नाही. म्हणजे सांगितलं, पण माणसं सांगतात तसं. तिला शेजारणीकडे ठेवलं. संध्याकाळी आत्याने जवळ घेऊन सांगितलं, मम्मी आता आकाशात तारा झालीय.

"तारा म्हणजे जळणारा वायू असतो," खारू म्हणाली. "मम्मी जळत नाही."

तिचा बाप उठून मोरीत गेला आणि नळ सोडून बराच वेळ उभा राहिला. त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. आणि त्यानंतर खारू कपाटामागे जाऊन बसली ती बसलीच. जेवायला बाहेर यायची, आंघोळीला नेलं तर यायची, की परत फटीत. बोलणं बंद. आणि एक गोष्ट अशी बंद झाली की तिने सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळवलं.

पोरगी परसाकडला बसेना.

सुरुवातीला मास्तरीणबाईंनी पपई दिली, दूध दिलं, एरंडेल दिलं. मग रागावल्या. मग गोंजारलं. संडासात बसवून बाहेर गोष्टी सांगितल्या. खारू घामाघूम व्हायची, ओठ दाताखाली धरायची, पाय आवळून उभी राहायची, पण नाही म्हणजे नाही. डॉक्टरांनी औषधं दिली, ती बदलली, शेवटी दवाखान्यात नेऊन नळीने साफ केलं. त्या दिवशी तिने जो आकांत केला तो ऐकून बाप जिन्यात जाऊन बसला होता. आठवडाभरात पोट पुन्हा दगडासारखं.

"शरीरात काही दोष नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ती धरून ठेवतेय. का, ते मला सांगता येणार नाही. असंच चाललं तर दाखल करावं लागेल, आणि ते वरचेवर करावं लागेल. जागा बदलून बघा. तिला आवडेल अशा ठिकाणी न्या."

म्हणून ही परदेशातली जनावरं टेबलावर आली होती.

मास्तरीणबाईंना भुताखेतांवर विश्वास नव्हता. मेलेल्या माणसांना परत यायला तिकडे कामं नाहीत का, असं त्या म्हणायच्या. पण दुपारी घर रिकामं असताना त्यांच्याही हातातली कात्री थांबू लागली होती. मुलगा लिफ्टच्या दुरुस्तीवर गेलेला असायचा. रस्ता ओसरलेला. आणि फटीतली खारू एकाएकी मान वर करायची. माणसाला कान टवकारता येत नाहीत, पण ही पोर टवकारायची. डोळे दारावर नव्हे, भिंतीवर. तोंड थोडं उघडं. श्वाससुद्धा धरलेला.

"काय गं?" मास्तरीणबाई विचारायच्या.

खारू बोट ओठांवर ठेवायची. मास्तरीणबाई गप्प बसायच्या. उभ्या आयुष्यात त्यांना गप्प बसवायची हिंमत कुणाची झाली नव्हती.

आणि मग त्यांनाही वाटायचं. ऐकू यायचं असं नाही. मशीनच्या लाकडावर तळहात टेकलेला असायचा, पाय पायट्यावर नसायचा, तरी लाकूड बारीक थरथरायचं. वरच्या टाकीचा पंप असेल. खालून मोठी गाडी गेली असेल. त्या स्वतःला असं बजावायच्या आणि मागे वळून बघायच्या नाहीत, कारण मागे स्वयंपाकघराच्या दारात कुणीतरी हात पुसत उभं आहे ही खात्री पाठीला झालेली असायची. वळून बघितलं तर तिथे कुणी नसेल, हीच भीती. कुणी असेल ही नव्हे.

सहलवाली पुढच्या खेपेला आली ती धापा टाकत.

"दादा, बाई, तुमच्या ओकापीने मला वेड लावलं. सगळीकडे नसतोच तो! शेवटी दोन जागा मिळाल्या. ही पहिली बघा. मोठी, सुंदर, आत आगगाडी आहे. ओकापीची मादी आहे आणि तिला नुकतंच पिल्लू झालंय."

"अरे वा!" मुलगा किती महिन्यांनी असं म्हणाला होता.

"फक्त एक आहे. मी फोन करून विचारलं, म्हटलं पोर नाराज नको व्हायला. तर ते म्हणाले, पिल्लू दिसेलच असं नाही. ते लपून बसतं. जन्मल्यावर एक कोपरा धरतं आणि तिथून हलतच नाही. आई येते, दूध पाजते, जाते. ते तिथेच. आणि काय सांगू बाई, गंमत..." ती आवाज खाली आणून म्हणाली, "ते म्हणे महिना-दोन महिने शीसुद्धा करत नाही."

"काय?" मास्तरीणबाई म्हणाल्या.

"हो ना! वासावर बिबटे येतात म्हणून. धरून ठेवतं बिचारं. आई येत राहते तोवर असं गुपचूप..."

मास्तरीणबाईंच्या हातातून टाचणी पडली. त्यांनी मुलाकडे बघितलं. मुलगा कपाटाकडे बघत होता. सहलवाली एकटीच बोलत राहिली आणि मग तिच्याही लक्षात आलं की ऐकणारं कुणी नाही. तिने पाणी मागितलं, ते कुणी दिलं नाही, तेव्हा ती स्वतःच उठून प्यायली.

मास्तरीणबाई खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. त्या फटीपाशी सरकल्या.

"खारू. तू लपलीयस?"

खारूने भिंतीकडे बघितलं.

"मम्मी येईपर्यंत?"

ओठ जेमतेम हलवून, कुणी ऐकू नये अशा बेताने ती म्हणाली, "लपलेल्यांनी बोलायचं नसतं, आजी."

मास्तरीणबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. तिला डोक्याला हात लावलेला आवडत नसे. मग त्यांनी तो हात नुसता फटीच्या तोंडाशी जमिनीवर ठेवून दिला आणि बसून राहिल्या.

"दुसरी जागा कुठली?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"ती नको बाई. लहानशी आहे. आगगाडी नाही, खेळ नाहीत. आणि तिथल्या पिल्लाची आई मेली. मी तर असल्या जागा गिऱ्हाइकाला दाखवतच नाही. सुट्टीत मन प्रसन्न व्हायला पाहिजे."

"मोठं झालं ते पिल्लू?"

"आईशिवाय वाढवलं म्हणतात तिथल्या माणसांनी. हिंडतं-फिरतं आता."

"तिथलं तिकीट काढ," मास्तरीणबाई म्हणाल्या.

सहलवाली गेल्यावर मुलगा फुटला. तसा तो शांत माणूस. दिवसभर अंधाऱ्या विहिरीसारख्या जागेत लोंबकळून तारा तपासणारा. पण त्या दिवशी त्याने टेबलावरचे कागद खाली ढकलले.

"तू तिला आई मेलेलं पिल्लू दाखवणार? त्यासाठी विमानात बसवून नेणार?"

"हो."

"त्या पहिल्या जागी आई आहे, पिल्लू आहे, ते बघून जरा तरी खूश होईल पोरगी..."

"आणि घरी येऊन आणखी घट्ट बसेल. तिथली आई रोज येते ना पिल्लाकडे. मग हिची का नाही येणार?"

"तुला काळीज आहे का गं आई? का तिथेही बटणच शिवलंयस?"

"बटणच आहे. घट्ट बसवलंय म्हणून घर उघडं पडलं नाही."

तो टेबलाच्या कडेला टेकून, आईकडे न बघता म्हणाला, "मी जिन्यात थांबतो, आई. रोज. वर यायच्या आधी. दाराआड तिच्या चपलांचा आवाज येतो का बघतो. येत नाही तोपर्यंत... म्हणजे दार उघडेपर्यंत असं वाटतं की..."

"माहितेय मला. तू जिन्यात घुटमळतोस ते मशीनवरून ऐकू येतं."

"तू कधी बोलली नाहीस."

"काय बोलू? मी तरी मागे वळून कुठे बघते?" मास्तरीणबाईंनी जमिनीवरचे कागद उचलायला सुरुवात केली. "या घरात एक नाही, तीन ओकापी लपून बसलेत, बाबा. त्यातलं एक नऊ वर्षांचं आहे आणि त्याचं पोट फुटायला आलंय. आपण दोघं मेलो तरी चालेल वाट बघून. तिला नाही परवडणार. माणसांचं मरण आपल्याला तिला सांगता आलं नाही. आपल्या तोंडून शब्द फुटेना. मग जनावराचं सांगू. ते तिला कळतं."

"आणि कोसळली तर?"

"तर मी आहे," त्या म्हणाल्या. एवढ्या ठामपणे म्हणाल्या की त्यांना स्वतःलाच धास्ती वाटली. कारण हे चुकलं असतं तर पोरगी बंद झाली असती, कायमची, आणि बंद करणारा हात त्यांचा असता.

खारू फट सोडून विमानात बसणार कशी, हा पुढचा पेच. मास्तरीणबाईंनी त्यावर तीन दुपारी घालवल्या. जाड मऊ अस्तर घेतलं आणि डोक्यापासून गुडघ्यापर्यंत येईल अशी खोळ शिवली. शिवणी बाहेरच्या बाजूला, आत काही टोचणार नाही अशा. बाजूला ताठ पट्ट्या, भिंतीसारख्या. डोळ्यांपुढे फट.

"घे," त्या म्हणाल्या. "फट बरोबर घेऊन चल."

खारूने आत जाऊन बघितलं. बाहेर आली नाही, म्हणजे पसंत. मग खुर्च्या ओळीत मांडून विमान झालं, स्वयंपाकघराचं दार आरपार जायचं तपासणीचं यंत्र झालं, आणि आत्या अधिकारी होऊन सगळ्यांच्या पिशव्या उघडायला लावू लागली.

"ह्या बाईकडे कात्री आहे! पकडा!"

"पकड, पकड," मास्तरीणबाई म्हणाल्या. "तुझं लग्नाचं सगळं शिवलंय मी याच कात्रीनं. आता तुरुंगात टाक आईला."

खोळीतून दोन डोळे हे बघत होते. पण दुपारी ते पुन्हा भिंतीकडे वळायचे आणि लाकूड थरथरायचं. जायच्या आदल्या दिवशी तर खारू खोळीतून उठून भिंतीपाशी गेली आणि तिने भिंतीला छाती टेकली. जशी तिची आई टेकायची तशी. मास्तरीणबाईंना ते बघवेना. कुणीतरी येतंय म्हणून ती वाट बघत होती तोवर ठीक होतं. आता ती स्वतःच हाक मारत होती, आणि त्या हाकेचं काय होतं हे सांगायला घरात कुणी नव्हतं.

प्रवासाबद्दल मास्तरीणबाई पुढे फार बोलल्या नाहीत. खारूने खोळ काढली नाही, खाल्लं थोडं, आणि तिच्या पोटावर हात ठेवला तर आत फळी असल्यासारखं लागलं. हॉटेलातल्या संडासाकडे तिने बघितलंही नाही.

प्राणिसंग्रहालय खरोखरच लहान होतं. सकाळची वेळ. रात्रीच्या पावसाने झाडं अजून गळत होती आणि माणूस कुणी नव्हतं. सिंहाने त्यांच्याकडे पाठ केली. खारूनेही त्याच्याकडे केली. तिला रस्ता माहीत असल्यासारखी ती पुढे चालत होती, खोळीच्या पट्ट्या दोन्ही बाजूंना हलत होत्या.

ओकापीचं आवार झाडांमागे होतं. कुंपण कमरेएवढं, मग चर, मग गवत. गमबूट घातलेली एक बाई डहाळ्या टांगत होती. तीच ओकापीला सांभाळणारी. आणि तिच्या मागे, ओल्या उन्हात, तो उभा होता. पूर्ण वाढलेला नव्हता अजून. मास्तरीणबाई आपण केलेली सगळी थट्टा विसरल्या. अंगावरची मखमल अशी होती की हात आपोआप कापडाचा पोत बघायला पुढे जावा. कान मोठे, एक इकडे वळलेला, एक तिकडे. काळी लांब जीभ बाहेर आली, डहाळीला वेटोळं घालून पान ओढून आत गेली.

खारूने खोळ डोक्यावरून काढली. खाली पडली. तिने उचलली नाही.

"ह्याची आई कुठंय?" तिने विचारलं. आवाज खरबरीत झाला होता.

बापाने मास्तरीणबाईंकडे बघितलं. एवढ्या लांब येऊन त्या एका शब्दाशी सगळे उभे होते.

"मेली," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"कुठं गेली?"

"कुठंच नाही गेली. मेली. श्वास थांबला. आजारी होती. डॉक्टरांनी खूप केलं."

"त्यांना विचार," खारू बापाला म्हणाली आणि गमबूटवालीकडे बोट दाखवलं.

बापाने विचारलं. शब्द मधेच तुटले, पुन्हा जोडून विचारलं. गमबूटवालीने हातातली डहाळी खाली ठेवली. ती खारूकडे बघून बोलली, बापाकडे नाही. बाप एकेक वाक्य मराठीत सांगत गेला.

"ती म्हणते, हो, मेली. ती म्हणते, हे पिल्लू कोपऱ्यात लपून राहिलं. पुष्कळ दिवस. कुणाला येऊ देत नव्हतं. ती स्वतः रोज त्याच्यापाशी जाऊन बसायची, बाटली घेऊन. ती म्हणते... ती म्हणते, ते कान लावून असायचं."

"मग आवाज यायचा का त्याला?"

बापाने विचारलं नाही. त्याच्याने विचारवलं नाही. मास्तरीणबाई पुढे झाल्या आणि नातीच्या शेजारी कुंपणाला धरून उभ्या राहिल्या.

"नाही यायचा," त्या म्हणाल्या.

"माणसांना येत नाही तो. पिल्लाला येतो."

"पिल्लालाही नाही. ती असती तर तिने हाक मारली असती, आणि कुणाला नाही तरी त्याला ऐकू आली असती. ती नव्हती. ते कान लावून बसायचं ना, तेव्हा त्याला त्याचंच काळीज ऐकू यायचं."

"आणि आपल्या घरी?"

मास्तरीणबाईंचा तळहात कुंपणाच्या लाकडावर होता. लाकूड गार होतं, ओलं होतं, आणि निमूट होतं.

"आपल्या घरी पण," त्या म्हणाल्या. "मलाही वाटायचं गं. मीसुद्धा धरून बसले होते."

खारूने मान वर केली नाही. तिकडे ओकापी दोन पावलं पुढे आला, शेपटी बाजूला केली आणि उभ्या उभ्या मोकळा झाला. वाफ निघाली. मग तो पुन्हा डहाळीकडे वळला, जणू काही झालंच नाही. गमबूटवालीने झाडू-सुपली आणली आणि ते भरून नेलं. कुठूनही बिबट्या आला नाही. खारू ते झाडणं शेवटपर्यंत बघत राहिली. सुपली बादलीत रिकामी झाली तेव्हा ती आजीकडे वळली.

"मला जायचंय."

संडास कोपऱ्यावर होता. एव्हाना फाटकातून माणसं यायला लागली होती. बाप बाहेर थांबला, मास्तरीणबाई आत गेल्या. खारूने दार लावून घेतलं. भिंतीवर हात वाळवायचं एक यंत्र होतं. कुणीतरी बाई त्याखाली हात धरून होती आणि ते राक्षसासारखं गर्जत होतं. दाराआडून खारूचा हुंकार आला, कान दाबल्यावर येतो तसा. मास्तरीणबाई तरातरा पुढे झाल्या आणि त्या बाईला खांद्याला धरून बाजूला सारलं. यंत्र थांबलं. त्या त्याच्यासमोर दोन्ही हात पसरून उभ्या राहिल्या.

आणखी एक बाई आली, हात धुऊन ओले हात घेऊन यंत्राकडे निघाली.

"नाही," मास्तरीणबाई मराठीत म्हणाल्या. "माझी नात बसलीय."

बाईने तिच्या भाषेत काही विचारलं. मास्तरीणबाईंनी पदराचं टोक पुढे केलं. बाई गोंधळली, मग तिने दाराकडे बघितलं, आतलं कण्हणं ऐकलं, आणि पदराला हात पुसले. तिच्यामागे दुसरी उभी राहिली. गर्दी झाली तरी तिथे एवढी शांतता होती की थेंब नळावरून सुटताना ऐकू येत होता.

मग आतून संडासाचं पाणी सुटलं.

"आई?" बाहेरून मुलाने हाक मारली. "आई, झालं का? झालं?"

"झालं," त्या म्हणाल्या.

तो बाहेर हसायला लागला. हसता हसता भिंतीवर थापा मारायला लागला. रांगेतल्या बायकांनाही कळलं असावं, त्याही हसल्या, एकीने तर आवाज न करता टाळ्या वाजवल्याचं दाखवलं. सगळ्यांना आनंद झाला होता. मास्तरीणबाई एकट्याच तशा उभ्या होत्या. आज सकाळपर्यंत जगात एक जण तरी असं होतं की ज्याच्या लेखी त्यांची सून परत यायची होती.

दार उघडलं. खारू बाहेर आली. चेहरा पांढराफटक, कपाळाला केस चिकटलेले. तिने साबण लावून हात धुतले, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत, कुणीतरी शिकवल्याप्रमाणे. पदराच्या एका टोकाला एक परकी बाई हात पुसत होती. खारूने दुसरं टोक शोधून काढलं आणि त्यात आपले हात पुसले, आधी उजवा, मग डावा. मास्तरीणबाई दोघींच्या मधे ताठ उभ्या राहिल्या आणि पदर खांद्यावरून ओढला जात होता तो त्यांनी ओढू दिला.